ड्रॅग रेसिंगचा फायरसूट: तीन सेकंदांपासून चाळीस सेकंदांपर्यंत

प्रश्न: ड्रॅग रेसिंगच्या जुन्या फोटोंत चालक टी-शर्ट आणि गॉगलवर दिसतात, नंतरच्या फोटोंत चकचकीत चंदेरी पोशाखात आणि हल्लीच्या फोटोंत गादीसारख्या जाड सूटमध्ये. हा बदल कशामुळे होत गेला? आणि आज क्वार्टर माइलला गाडी उतरवायची असेल तर अंगावर नेमकं काय हवं?

उत्तर:

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ पट्टीवर, थांबलेल्या स्थितीतून सुटून क्वार्टर माइल, म्हणजे साधारण ४०० मीटर, कमीत कमी वेळात कापण्याची शर्यत. तिच्यातला फायरसूट, म्हणजे आगीपासून वाचवणारा पोशाख, सेकंदांत मोजतात. कापड पेटतं की नाही हा त्यातला सोपा भाग. खरा प्रश्न असा असतो, की बाहेर ज्वाळा असताना आतल्या कातडीवर फोड यायला किती वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात गाडी थांबवून, पट्टे सोडून चालक बाहेर पडेल का. मागच्या सत्तर वर्षांतला प्रत्येक बदल या दोन वेळांमधलं अंतर भरून काढण्यासाठी झाला आहे. आग कुठून येते हे इंजिनाच्या जागेवर ठरतं, त्यामुळे कपड्यांची गोष्ट गाडीच्या रचनेपासूनच सुरू करावी लागते.

अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, १९५१ साली स्थापन झाली आणि तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला भरली. त्या काळात हेल्मेट, गॉगल आणि फार तर चामडी जाकीट एवढंच चालकाच्या अंगावर असे. चामडं चटकन पेट घेत नाही, म्हणून ते बरं वाटे, पण तापलं की ते आक्रसतं, कडक होतं आणि अंगाला घट्ट बसतं. काही जण सुती कव्हरऑल टाकणखाराच्या पाण्यात बुडवून वाळवत. टाकणखार लावलेला सुती कपडा लवकर पेटत नाही हे खरं आहे, पण एका धुण्यात तो गुण निघून जातो, आणि कापड पेटलं नाही तरी उष्णता आरपार येतेच.

तेवढ्यात गाड्या बदलल्या. 'स्लिंगशॉट' प्रकारच्या ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे याच शर्यतीसाठी बनवलेल्या लांब, उघड्या गाडीत, चालक मागच्या आसाच्याही मागे बसे आणि अख्खं इंजिन त्याच्या पुढ्यात असे. सुपरचार्जर (इंजिनात हवा कोंबणारा पंप) फुटला, पिस्टनला भोक पडलं किंवा तेलाचं सील गेलं, तर इंजिनातून उडणारं सगळं वाऱ्याबरोबर थेट चालकाच्या तोंडावर. त्यात इंधन नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला बाहेरची हवा फार कमी लागते. नामांकित ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स १९५९ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चेस्टरला सुपरचार्जरच्या स्फोटात गंभीर भाजला. एक बारकावा मात्र बऱ्याचदा सुटतो. नायट्रो इंजिनांच्या मोठ्या आगीत जळत असतं ते बहुतेक इंजिन ऑइल. इंजिन फुटलं की तेलाचा फवारा लालबुंद एक्झॉस्ट पाइपांवर पडतो आणि भडका उडतो. तेल चिकटतं. पेट्रोल उडून जातं, तेल कापडावर बसून जळत राहतं. या फरकामुळेच पुढचा चंदेरी सूट अर्धवट यशस्वी ठरला.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले सूट ट्रॅकवर आले. ब्रेक लावण्याच्या पॅराशूटमुळे आधीच नाव झालेल्या जिम डाइस्टचा त्यात मोठा वाटा होता. कल्पना अग्निशमन दलाच्या पोशाखावरून घेतलेली: चकचकीत पृष्ठभाग उत्सर्जित उष्णता परतवतो. जळत्या विमानाजवळ उभ्या असलेल्या जवानाला ते पुरतं, कारण ज्वाळा त्याच्यापासून काही फूट लांब असतात. ड्रॅगस्टरमध्ये ज्वाळा अंगावरच येतात आणि सोबत तेल आणतात. मुलाम्यावर तेलाचा काळा थर बसला की चकाकी संपते आणि तोच पृष्ठभाग उष्णता शोषू लागतो. शिवाय कोपर, गुडघा, काख अशा घड्या पडणाऱ्या जागी मुलामा तडकतो, आणि बसलेल्या माणसाच्या अंगावर घड्या नेमक्या तिथेच असतात. चेहऱ्यासाठी गॉगल आणि दोन्ही बाजूंना श्वासाचे फिल्टर लावलेला मुखवटा असे, कारण पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट तेव्हा नव्हतंच. बेल कंपनीचं 'स्टार' हे तसं हेल्मेट १९६८च्या सुमारास शर्यतींत दिसू लागलं.

याच दशकात नोमेक्स आलं. ड्यूपाँट कंपनीचा हा मेटा-अॅरामिड धागा वितळत नाही आणि ठिबकत नाही. त्याला जळत राहण्यासाठी हवेत साधारण २८ टक्के ऑक्सिजन लागतो, आपल्या हवेत २१ टक्केच आहे, म्हणून ज्वाळा हटली की तो विझतो. सुमारे ३७० अंश सेल्सिअसच्या पुढे तो कोळशासारखा काळा पडतो आणि फुगतो. फुगल्याने कापड जाड होतं, विणीतली भोकं बुजतात. पोशाखांत नोमेक्स वापरण्यामागे बिल सिम्पसन हे नाव आहे. हा स्वतः ड्रॅग रेसर. १९५८ मध्ये अपघातात त्याचे दोन्ही हात मोडले, तिथून तो सुरक्षेच्या साधनांकडे वळला. अंतराळवीर पीट कॉनरॅडकडून त्याला नोमेक्सची माहिती मिळाली. १९६४ मध्ये इंडियानापोलिस ५०० या मोटार शर्यतीतल्या आगीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड यांचा मृत्यू झालेला होता, त्यामुळे सगळेच उपाय शोधत होते. १९६७च्या इंडियानापोलिसला ३३ पैकी ३० चालक नोमेक्समध्ये उतरले.

इथे एक गैरसमज आजही पक्का आहे: नोमेक्स घातलं म्हणजे झालं. एक थर नोमेक्स जळत नाही, पण उष्णता आत सोडतो, आणि तीही जवळपास लगेच. सुती कपड्यापेक्षा त्याचा फायदा हा, की ज्वाळा हटल्यावर तो अंगावर पेटत राहत नाही आणि कातडीला चिकटत नाही. सेकंद वाढवायचे तर थर वाढवावे लागतात. त्यातही काम कापडाइतकंच, किंबहुना जास्त, थरांमध्ये अडकलेली हवा करते. ही हवा दाबली गेली की संरक्षण गेलं. पुढे फिटिंगबद्दल, बिल्ल्यांबद्दल जे सांगतो आहे त्या सगळ्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

थर वाढवण्याची सक्ती केली ती फनी कारने. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात या गाड्या आल्या: वर एका तुकड्यातली फायबरची बॉडी, आत पुढे नायट्रो इंजिन आणि त्याच्या मागे चालक. उघड्या ड्रॅगस्टरमध्ये निदान वाऱ्याने ज्वाळा पसरून जातात. फनी कारमध्ये बॉडी झाकणासारखी बसलेली असते आणि आग आतच कोंडते. दरम्यान ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्याने इंजिन मागे असलेला ड्रॅगस्टर बनवला आणि एनएचआरएची १९७१ची विंटरनॅशनल्स स्पर्धा जिंकली. काही वर्षांत नायट्रोवर चालणाऱ्या ड्रॅगस्टरांचा सगळा टॉप फ्युएल वर्ग त्याच रचनेवर गेला. चालकाच्या कपड्यांच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा बदल, आणि तो कपड्यात नव्हे, चासीत झाला. फनी कारचं इंजिन मात्र आजही पुढेच आहे. म्हणून सगळ्यात जाड सूट, सगळ्यात जाड बूट आणि बोटं वाकवायलाही जोर लागेल असे हातमोजे फनी कारवाल्यांच्या अंगावर दिसतात.

आता मोजमापाकडे. अमेरिकेत शर्यतीच्या साधनांची मानकं ठरवणाऱ्या एसएफआय फाउंडेशनचं ३.२ए हे मानक सूटसाठी आहे. सूटवर शिवलेल्या बिल्ल्यावर ३.२ए आणि तिरक्या रेघेनंतर एक आकडा असतो. चाचणीत कापडाच्या तुकड्याखाली ज्वाळा आणि उत्सर्जित उष्णता एकत्र देतात. दर चौरस सेंटीमीटरला दर सेकंदाला २ कॅलरी पडतात आणि वरच्या बाजूला दुसऱ्या अंशाचं भाजण्याइतकी उष्णता पोहोचायला किती वेळ लागतो ते बघतात. त्यातून टीपीपी (थर्मल प्रोटेक्टिव्ह परफॉर्मन्स, म्हणजे उष्णतेपासूनच्या संरक्षणाचा) हा अंक मिळतो, त्याला २ने भागलं की सेकंद. १ या दर्जाचा टीपीपी ६, म्हणजे ३ सेकंद. ३ दर्जाचे ७ सेकंद. ५ दर्जाचा टीपीपी १९, म्हणजे साधारण १० सेकंद. १० दर्जाचे १९, १५ दर्जाचे ३० आणि २० दर्जाचा टीपीपी ८०, म्हणजे ४० सेकंद. नीट पाहा: बिल्ल्यावरचा आकडा सेकंद सांगत नाही आणि थरही सांगत नाही. '५ म्हणजे पाच थर' असं सांगणारा विक्रेता भेटला तर दुसरं दुकान बघा.

या सेकंदांचा अर्थही नेमका घ्या. प्रयोगशाळेतला कापडाचा तुकडा सपाट आणि कोरडा असतो. गाडीत तोच सूट खांद्यावर पट्ट्याखाली आवळलेला, पाठीवर सीटला दाबलेला आणि घामाने भिजलेला असतो. तिथे ते सेकंद कमी होतात. भिजलेल्या आतल्या कपड्याची वाफ होऊन भाजतं, ते वेगळंच.

भारतात शर्यती एफएमएससीआय या राष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या नियमांखाली होतात आणि तिथे एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांचे सूट प्रामुख्याने दिसतात: जुनं ८८५६-२००० आणि नवं ८८५६-२०१८. एफआयए आणि एसएफआयच्या चाचण्या वेगळ्या आहेत. एकाचा आकडा दुसऱ्यात बदलून घेऊ नका. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग स्पर्धांत उतरायचं असेल तर त्या वर्षीचे नियम आयोजकांकडून लेखी घ्या आणि त्यात कोणतं मानक मान्य आहे ते पाहूनच खरेदी करा.

किती दर्जाचा सूट घ्यायचा? एनएचआरएची ढोबळ पद्धत वेळेवर चालते. क्वार्टर माइलला १३.९९ सेकंद किंवा कमी वेळ लागला की हेल्मेट आलं. ११.४९च्या आत १ दर्जाचं जाकीट, ९.९९च्या आत ५ दर्जाचं जाकीट आणि पँट, आणि नायट्रो वर्गांत २० दर्जाचा सूट. टर्बो, सुपरचार्जर किंवा नायट्रस असेल, इंजिन आणि चालक यांच्यामधली फायरवॉल बदललेली असेल, इंधनात मिथेनॉल असेल तर अट कडक होते. माझा आग्रह असा, की पूर्ण बॉडीची, पेट्रोलवर चालणारी गाडी ११ ते १३ सेकंदांत जात असली तरी ५ दर्जाचाच सूट घ्यावा. ३ सेकंदांत कोणीही चार-पाच जागी बांधलेला पट्टा सोडून रोल केजमधून, म्हणजे चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्यातून, बाहेर येत नाही. १० सेकंदांत सराव असलेला माणूस येतो. मिथेनॉलबाबत आणखी एक: त्याची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. सूट गरम लागू लागला म्हणजे आग आहे असं धरून बाहेर पडायचं, ज्वाळा शोधत बसायचं नाही.

पैसे मोजके असतील तर ते वाटायचे कसे? महागडा सूट आणि साधे हातमोजे ही सगळ्यात वाईट विभागणी. भाजण्याच्या जखमा मनगट, मान आणि घोटा इथे जास्त होतात, कारण तिथे दोन कपड्यांचा सांधा असतो. हातांवर तर सगळंच अवलंबून असतं. बोटं भाजली की पट्ट्याची कळ उघडत नाही, आणि मग सूट कितीही दर्जाचा असला तरी उपयोग नाही. हातमोजे, बूट, बालाक्लावा (हेल्मेटखाली घालायची डोकं-मान झाकणारी टोपी) आणि आतले कपडे यांना एसएफआयचं ३.३ हे मानक आहे. हातमोज्याची लांब कफ बाहीवर चार बोटं तरी यावी. बालाक्लावाचा खालचा घेर सूटच्या कॉलरच्या आत नीट पसरलेला हवा, वर गोळा झालेला नको. बुटाचा तळ तेल झेलणारा हवा, आणि मोजे नोमेक्सचे किंवा निदान लोकरीचे.

आतल्या कपड्यांबद्दल तडजोड करू नका. पॉलिएस्टर, नायलॉन, जिममध्ये घालतो ते घाम शोषणारे टी-शर्ट, लवचिक पट्टीच्या अंडरवेअर, सिंथेटिक ब्रा यांतलं काहीही सूटखाली नको. सूट शाबूत असतानाही आत झिरपलेल्या उष्णतेने हे वितळतं आणि कातडीत रुततं. ते सोलून काढताना कातडी सोबत येते. नोमेक्सचा पूर्ण बाह्यांचा बनियन आणि लांब पायजमा घातला तर एकेरी सूटलाही हवेचा आणखी एक पदर मिळतो आणि बरेच सेकंद वाढतात. अगदीच जमत नसेल तर शंभर टक्के सुती. ते जळतं, पण वितळत नाही.

फिटिंग बघताना उभं राहून आरशात पाहू नका. गाडीच्या सीटवर बसा, पट्टे आवळा, हात स्टिअरिंगवर ठेवा. बसल्यावर पँट वर चढते आणि घोटा उघडा पडतो, हात पुढे केले की बाही मनगटावरून मागे जाते. दोन्ही ठिकाणी कातडी दिसली तर सूट लहान आहे. अंगाला घट्ट बसलेला सूट दिसायला छान, पण त्याने आतली हवा दाबून काढलेली असते. जाकीट-पँट असा दोन तुकड्यांचा संच घेतला तर बसलेल्या स्थितीत पाठीमागे जाकीट पँटवर पुरेसं येतं का, हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. स्वतःला ते दिसत नाही.

प्रायोजकांचे बिल्ले हा आपल्याकडे नेहमी चुकणारा भाग. इस्त्रीने चिकटणाऱ्या बिल्ल्याच्या मागे प्लास्टिक असतं, ते पेटतं आणि ठिबकतं. टेलरकडे देऊन सगळ्या थरांतून शिवलेला बिल्ला तिथली हवा दाबतो आणि पॉलिएस्टरचा दोरा वितळतो. बिल्ला फक्त बाहेरच्या थरावर, नोमेक्सच्या दोऱ्याने शिवायचा. भरतकाम करायचं तर सूट शिवण्याआधी, बनवणाऱ्याकडूनच करून घ्या.

धुण्याचं: झिप बंद करून, सूट उलटा करून, थंड किंवा कोमट पाण्यात सौम्य द्रव डिटर्जंटने. ब्लीच नाही. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नाही, कारण त्याचा थर धाग्यावर राहतो आणि तो ज्वलनशील असतो. वाळत सावलीत घाला. अॅरामिड धागा उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होतो आणि रंगही विटतो. गच्चीवर दोरीला दिवसभर टांगलेला सूट हळूहळू निकामी होत असतो. सूट घालून गाडीखाली शिरू नका. मांडीवर, बाहीवर बसलेलं ग्रीस आणि पेट्रोल हे आगीसाठी इंधनच आहे, आणि ते साध्या धुण्यात पूर्ण निघत नाही. रसायन लावून अग्निरोधक केलेलं सुती कापड, जे स्वस्त सूटमध्ये असतं, ते तर साबण आणि ब्लीचने आपला गुणच गमावतं. त्याची निगा लेबलवर लिहिली आहे तशीच घ्या.

जुना सूट विकत घेताना आतून उलटा करून उजेडाकडे धरा. काखेत, मांड्यांमध्ये, सीटच्या जागी कापड विरळ दिसलं, शिवण उसवलेली दिसली किंवा बिल्ला काढून पुन्हा शिवल्यासारखा वाटला, तर सोडून द्या. १० आणि वरच्या दर्जाचे सूट दर पाच वर्षांनी बनवणाऱ्याकडे पुन्हा प्रमाणित करावे लागतात. एकदा खऱ्या आगीतून गेलेला सूट पुन्हा वापरायचा नाही, बाहेरून नुसता काळा डाग दिसत असला तरीही.

हेल्मेटच्या बाबतीत मोटारसायकलचं हेल्मेट गाडीत चालवून घेण्याची सवय सोडा. स्नेल फाउंडेशनचं एसए मानक मोटारींसाठी आहे. त्यात अस्तर आणि कवच ज्वाळेखाली तपासतात आणि रोल केजच्या नळीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटण्याची चाचणीही असते. मोटारसायकलसाठीच्या एम मानकात आगीची चाचणी नाही. एसए २०१५ पासून मान धरणाऱ्या साधनाचे स्क्रू बसवायची जागा हेल्मेटमध्ये आधीच दिलेली असते. ते साधन म्हणजे हॅन्स किंवा तत्सम, एसएफआय ३८.१ मानकाचं. रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकात ते विकसित केलं. ड्रॅगमध्ये त्याचं महत्त्व भिंतीला धडकण्यापुरतं नाही. टॉप फ्युएलच्या गाडीची पॅराशूट ताशी ५०० किलोमीटरच्या वर उघडतात, तेव्हा शरीर पट्ट्यांत अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. २००७ मध्ये गेन्सव्हिलला चाचणीदरम्यान टायरच्या प्रचंड कंपनाने डोक्याला इजा होऊन एरिक मेडलनचा मृत्यू झाला, त्यानंतर फनी कारच्या केजमधल्या पॅडिंगचा आणि डोक्याभोवतीच्या जागेचा नव्याने विचार झाला. उघड्या ड्रॅगस्टरमध्ये हात बांधून ठेवणारे पट्टेही लागतात, नाहीतर गाडी उलटली की हात केजबाहेर जातात.

बाइकवाल्यांचं गणित वेगळं. तिथे आगीपेक्षा रस्त्यावर घासटणं मोठं. फायरसूटचं कापड डांबरावर काही क्षणांत फाटतं, म्हणून जाड गाईच्या चामड्याचा एक तुकड्याचा सूट, हेल्मेट, घोट्यावर येणारे बूट आणि पाठीला ईएन १६२१-२ मानकाचं कवच. त्यात दुसरी पातळी घ्या: तिच्यात पाठीकडे पोहोचणारं बळ सरासरी ९ किलोन्यूटनच्या आत राहतं, पहिल्या पातळीत ते १८पर्यंत जातं.

राहिला उन्हाचा आणि सरावाचा भाग. आपल्या हवेत जाड सूट घालून तासभर रांगेत बसलं तर चालक स्टार्टलाइनला पोहोचेपर्यंत घामाने निथळतो आणि त्याची प्रतिक्रिया मंदावते. सूट कमरेपर्यंत उतरवून सावलीत थांबा, पुढे दोन-तीन गाड्या उरल्या की पूर्ण घाला. आतल्या कपड्यांचे दोन जोड जवळ ठेवा आणि भिजलेला जोड पुढच्या धावेआधी बदला.

मग गाडी बंद असताना, पूर्ण पोशाखात, डोळे मिटून बाहेर पडायचा सराव करा. क्रम कायम एकच ठेवा: इंधन आणि वीज बंद, अग्निशामक ओढणं, स्टिअरिंग काढणं, पट्ट्याची कळ, खिडकीची जाळी, मग बाहेर. गाडी थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही आणि ज्वाळेत श्वास आत घ्यायचा नाही. मित्राला घड्याळ धरायला सांगा. ५ दर्जाच्या सूटला १० सेकंद आहेत, तेव्हा तुमची वेळ ७ सेकंदांच्या आत यायला हवी. येत नसेल तर आधी बघा कुठे अडतंय. बहुतेक वेळा हातमोज्यात कळ सापडत नाही किंवा हॅन्सचा मागचा भाग केजच्या नळीत अडकतो. कळीला लहानसा दोरीचा फासा बांधून आणि सीटचा कोन थोडा बदलून दोन्ही अडचणी दूर होतात.